घरच्यासारखी बाई

आमच्या आत्याचा आवाज घरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. ती नोकरीला होती त्या पडद्यांच्या दुकानात, मालकांसमोर मात्र ती मिठाची गुळणी धरून बसायची. कागदोपत्री ती मदतनीस. पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं, कापड बेतणं, चुण्या घालणं, पडदा आखूड झाला म्हणून भांडायला आलेल्याला हसवून परत पाठवणं, सगळं तिच्याच गळ्यात. बढतीचा विषय काढला की मालक गोड हसायचे.

"अहो ताई, तुम्ही घरच्यासारख्या. घरच्या माणसाला कसली आलीय बढती?"

शिवणखात्याचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि मालकांनी त्या खुर्चीवर आपल्या मेव्हण्याला बसवायचं ठरवलं. मेव्हण्याला आजवर झोपेशिवाय कशाचाच अनुभव नव्हता. त्या संध्याकाळी आत्या घरी भांडी आपटत राहिली. मग एकदम थांबली आणि स्वतःशीच हसली. ते हसू पाहून काका वर्तमानपत्रामागे लपले.

दुसऱ्या दिवशी मालक दुकानात शिरतात न शिरतात तोच आत्या कडाडली, "चपला दारात आडव्या? कुणी अडखळून पडलं म्हणजे?"

मालकांनी दचकून चपला सरळ केल्या. चहा झाला. "कप तिथेच ठेवून कुठे निघालात? विसळणार कोण?" दुपारी त्यांचा डोळा लागला, तर गिऱ्हाईक बाईंसमोर आत्या म्हणाली, "केवढ्यानं घोरताय! जेवण जरा आवरतं घ्या म्हणून कितीदा सांगायचं?" बाईंनी कापडाच्या नमुन्यांत तोंड खुपसलं.

"ताई, हे काय चालवलंय?" मालक रडकुंडीला आले.

"घरच्यासारखी ना मी? घरी मी अशीच बोलते. विचारा आमच्या ह्यांना!"

मालकांनी खरंच काकांना फोन लावला. काका एवढंच म्हणाले, "साहेब, तुमचं दुकान संध्याकाळी बंद तरी होतं."

मालकांना हसू फुटलं आणि आत्यानं तीच वेळ साधली. आरशासमोर घोकलेलं भाषण साफ विसरलं होतं. हे तिनंच मला पुढे सांगितलं.

"मालक, मला घरची म्हणू नका, कामाची म्हणा. शिवणखातं आजही मीच चालवते, मग प्रमुखही मीच व्हायला हवं. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडे बघते."

मालक म्हणाले, "आणि मेव्हण्याला काय सांगू?"

"माझ्या हाताखाली पाठवा. चुण्या घालायला शिकवते."

मेव्हणा तोंड फुगवून आला, धुसफुसला, पण हळूहळू बरा कारागीर झाला. भाऊ एकदाचा मार्गी लागला म्हणून मालकांच्या बायकोनं आत्याला दुकानात येऊन मिठी मारली.

प्रमुख झाल्यावर आत्यानं पहिला हुकूम काढला: जेवणाच्या वेळी सगळी यंत्रं बंद. मालक "पण..." म्हणाले. आत्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मालक निमूटपणे डबा उघडून सगळ्यांच्या पंगतीला बसले.