मुंग्यांची वाट

डांबरगोळ्यांचा वास आला की मला गिरगावातल्या निसर्ग-अभ्यास मंडळाचं सभागृह आठवतं, भिंतीलगत फुलपाखरांच्या पेट्यांची कपाटं असलेलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. खाली रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. आमच्या परळच्या खोलीत त्याच वर्षी बुद्धाची तसबीर लागली होती, आणि गिरणीत काम करणाऱ्या आईबापांची मी, कॉलेजात शिकणारी मुलगी, मंडळापुढे मुंग्यांवर निबंध सादर करायला उभी होते. सोबत आलेली आई आत न येता दारातच थांबली. पाठ केलेलं इंग्रजी सुरुवातीलाच अडलं. अध्यक्ष एक वयस्कर पारशी प्राध्यापक होते. ते म्हणाले, "दीकरी, मराठीत सांग नी." चिटणीस पुटपुटले, "आपलं कामकाज इंग्रजीत चालतं." "आज मराठीत चालेल," असं म्हणून अध्यक्षांनी आईला आत बोलावलं आणि शेजारची खुर्ची दिली. मग मी बोलत सुटले. पुढची मुंगी जमिनीवर वासाची वाट आखते आणि मागच्या त्याच वाटेने येतात, हे सांगितलं. संपल्यावर पहिला प्रश्न आईनेच विचारला, "ती वाट कुणी पुसली, तर त्या घरी कशा जातात गं?" कुणी हसलं नाही. "थोडं भटकतात, मग नवी शोधतात," मी म्हटलं. परतताना ट्राममध्ये आई म्हणाली, "मला वाटायचं, तू नुसती पास व्हायला शिकतेस. तुला हे आवडतं, ते आज कळलं." आता मी तिच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं पुढे कुणीच बोललं नाही.