नऊ प्रश्न आणि सगळी शून्यं

डॉ. पंचनदराव सरांशी माझी ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण सरांना खोटं चालत नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या आत्याच्या ओट्यावर बसून ते तिला विचारत होते, "मन जड झालं की तुम्ही घरात काय म्हणता?" मी नुकती मानसशास्त्रात एम.ए. झालेली, डोक्यात हवा गेलेली. मधेच तोंड घातलं, "नैराश्याची नऊ प्रश्नांची छापील प्रश्नावली मिळते की! आत्याला कशाला छळता?" सर हसले. "छापील मराठी आत्याला वाचता येते का?" येत नव्हती. मलाही कुठे धड येत होती! आमच्या घरांतून मराठी बोलतात आणि तमिळ लिहितात. सरांनी ते नऊ प्रश्न आमच्या बोलीत, तमिळ अक्षरांत उतरवले आणि महिन्याभरात मला मदतनीस म्हणून घेतलं.

नैराश्यात मेंदूतल्या जाळ्यांचं काय होतं, हे सर एमआरआयवर पाहत होते. माणूस यंत्रात नुसता पडून राहतो, समोरच्या फुलीकडे बघतो. तेव्हाही मेंदूचे भाग आपसांत बोलत असतात. स्वतःशीच बडबडणारं एक जाळं, बाहेर लक्ष देणारं दुसरं. नैराश्य असलेल्यांत आणि निरोगी लोकांत या जाळ्यांचं बोलणं वेगळं पडतं का, एवढाच प्रश्न. यंत्र एका खासगी स्कॅन सेंटरचं, आम्हाला फक्त रविवारी सकाळी मिळायचं.

सरांची एक पद्धत होती. कोणीही आत जाण्याआधी त्याचा फॉर्म ते स्वतः वाचत. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे रोजचाच. मी कुरकुरायची, "सर, मी तपासलाय ना!" ते म्हणायचे, "शरी, शरी, बरं बरं," आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. अस्सा राग यायचा मला!

आता त्या रविवारचं सांगते. निरोगी गटात एक माणूस कमी होता. येणारे गृहस्थ ऐनवेळी आलेच नाहीत. सेंटर आम्हाला पुढे यंत्र देणार नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी समिती कामाची पाहणी करायला येणार होती. मी म्हटलं, "मीच जाते." नऊ प्रश्न मला तोंडपाठ होते. अर्ध्या मिनिटात नऊ शून्यं मांडली, बांगड्या-पिना काढून ठेवल्या आणि यंत्राच्या पाटावर आडवी झाले.

खरं काय होतं? चार महिने मला झोप नव्हती. जेवण गिळायची. कारण विचारू नका, सगळ्यांना कारण हवं असतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. रोज कामाला निघाले की पापनाशम स्टेशनच्या फलाटावर गाडी येताना मी मुद्दाम भिंतीला टेकून उभी राहायची. यापेक्षा जास्त लिहवत नाही. दुसऱ्यांचे फॉर्म भरून घेणाऱ्या बाईनं स्वतःचं असलं काही कसं सांगावं? लाज वाटायची, दुसरं काय.

डोक्यावर यंत्राचा पिंजरा बसवला. तंत्रज्ञ बाहेर जाऊन बसला. पाट आत सरकायला लागला आणि सरांचा आवाज आला, "थांबवा."

पाट बाहेर आला. सर माझा फॉर्म घेऊन उभे होते. "सगळी शून्यं?"

"निरोगी आहे मी, सर."

"या उन्हाळ्यात तंजावुरात झोपेला शून्य? माझे स्वतःचे दोन आहेत."

मी चिडले. "वेळ जातोय! यंत्रालाच विचारा ना. चित्रात दिसेल काय ते."

"चित्रात नाही दिसत, अम्मा." आमच्याकडे लेकीलाही अम्मा म्हणतात. "पुष्कळ लोकांची चित्रं एकत्र केली तर ती काहीतरी पुसट सांगतात. एकट्या माणसाचं त्या माणसालाच विचारावं लागतं."

त्यांनी स्टूल ओढलं. तंत्रज्ञानं काचेवर टकटक केली, घड्याळ दाखवलं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न आमच्या बोलीत वाचला. मी म्हटलं, शून्य. दुसरा, शून्य. आठव्यापर्यंत मी रेटलं. नववा जगण्या-मरण्याचा. माझं तोंड उघडेना. सरांनी पुन्हा विचारलं नाही, पुढेही गेले नाहीत. मग मी म्हटलं, "तीन." आणि हुंदकाच फुटला.

सर म्हणाले, "पोदुम. पुरे झालं आता. चल." यंत्र रिकामं राहिलं. "तू माझ्या हाताखाली काम करतेस, म्हणून तुझा डॉक्टर मी होणार नाही," असं बजावून, मामींना, म्हणजे सरांच्या पत्नींना, सोबत घेऊन त्यांनी मला त्याच सकाळी एका डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटेत माझ्या भावाला फोन लावायला लावला. बरं व्हायला वर्ष लागलं, गोळ्या घेतल्या. सरांनी माझी नोकरी तशीच ठेवली.

समितीनं विचारलं, गटात एक कमी का? सर म्हणाले, "एका व्यक्तीला वगळलं. निर्णय माझा." बोलणी खाल्ली, नाव सांगितलं नाही. शोधनिबंधातही तेवढंच छापलंय: एक व्यक्ती वगळली. इतकी वर्षं लोक विचारत आलेत, ती कोण? आज मी होऊन सांगते, ती व्यक्ती मी.

मागच्या पावसाळ्यात मामी गेल्या. मी भेटायला गेले तर सर म्हणाले, "बरा आहे मी, अगदी बरा. कापी घेणार?" मी पिशवीतून तोच नऊ प्रश्नांचा कागद काढला. सर कागदाकडे बघून हळूच म्हणाले, "विचार." पहिल्या प्रश्नाला दोन आले. झोपेला तीन. नवव्याला शून्य म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघून पुन्हा विचारलं. शून्यच होतं. मग मी त्यांना त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. आता हसतात थोडे, माझ्यावर ओरडतातही.

सर, पंचाहत्तरी पुरी झाली. तुम्हाला खूप आयुष्य लाभो, चांगल्या झोपेचं आणि चवीच्या जेवणाचं. मी दर रविवारी येणार, कागद घेऊनच येणार. फक्त एक करा, मला सगळी शून्यं देऊ नका.