पत्रा कोणत्या बाजूला पडला?

आमच्या नोकरीत किस्से कसे साठत जातात ते विचारू नका. कँटीनमध्ये दोघं बसले की पहिला म्हणतो, "तुला ते म्हशीच्या फोटोचं सांगितलं का?" आणि मग दुपार गेलीच म्हणून समजा. कारण सोपं आहे. वारा येतो तेव्हा आम्ही तिथे कधीच नसतो. दोन-चार दिवसांनी पोचतो आणि ज्यांनी तो अंगावर झेलला त्यांना विचारत फिरतो. सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात हवामानाच्या एका कार्यालयात होतो. एखाद्या गावातून वादळ घुसून गेलं की तिथे जायचं आणि ते नक्की कसलं होतं ते ठरवायचं, हे आमचं काम. गरगर फिरणारा टोर्नेडो होता, की ढगातून सरळ खाली आदळून चहूकडे पसरलेला झोत? अंगणात घागरभर पाणी ओतलं की ते जसं सगळ्या बाजूंना पसरतं, तसा हा झोत. ओळखायचं पडलेल्या वस्तूंवरून. झाडं, पत्रे, ऊस असं सगळं एका जागेपासून बाहेरच्या दिशेला पडलेलं असेल तर झोत. अरुंद पट्ट्यात, आडवंतिडवं, पिळवटून पडलेलं असेल तर टोर्नेडो. आणि काय किती मोडलंय त्यावरून वाऱ्याचा जोर.

आम्ही तिघं असायचो. गायकवाड साहेब, म्हणजे कमी बोलणारे आणि खोटं तर अजिबात न बोलणारे. जीपवर रशीदभाई. आणि होकायंत्र, टेप, वही सांभाळायला मी. मी मुळात भित्रा माणूस. काळा ढग दिसला की आधी पळायची वाट शोधतो. आमच्या नोकरीत हा रोग वाईट!

आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच दौऱ्यातले आहेत. एप्रिलअखेरीला, देवळाली प्रवराच्या अलीकडच्या एका गावात आम्ही चार दिवस होतो. त्या चार दिवसांत माझी भीती नुसती ढगाची नव्हती, कारण आमच्या कागदावर एका माणसाचं सगळं काही अडकलं होतं.

* * *

गावात शिरलो आणि रशीदभाईंनी जीप थांबवली. म्हणाले, "साहेब, गाव चुकलं वाटतं."

मलाही तसंच वाटलं. रस्ते झाडलेले. दारोदारी सडा. पडलेल्या लिंबांच्या फांद्या तोडून ढीग रचलेला, उडालेले पत्रे मारुतीच्या पाराला एकावर एक नीट लावून ठेवलेले. चावडीसमोर रांगोळी. सरपंच नारळ घेऊन उभे.

गायकवाड साहेबांनी विचारलं, "वादळ याच गावात झालं ना?"

"व्हय की. लई नुकसान हाय."

"मग ते कुठे आहे?"

सरपंच अभिमानाने म्हणाले, "पुन्याहून साहेब येनार म्हनल्यावर आसा पसारा ठेवायचा का? कालपास्नं शंभर मानसं लावल्यात."

साहेबांनी त्या रचलेल्या पत्र्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी नारळ घेतला.

* * *

एकच जागा कोणी आवरली नव्हती. शाळा. पंचनामा व्हायचा होता म्हणून तिला हात लावायला बंदी होती.

शाळेचं छप्पर पत्र्याचं. पत्रे सगळे उडाले होते आणि जाता जाता एका भिंतीच्या वरच्या विटा पाडून गेले होते. वऱ्हांड्यात झोपलेल्या शिपायाचा पाय त्या विटांखाली मोडला. उन्हाळ्यामुळे सकाळची शाळा होती. पोरं साडेअकराला घरी गेली आणि वारा तीनला आला. गावात जो भेटेल तो आधी हेच सांगायचा.

शाळेच्या दारात लुना लावून एक माणूस उभा होता. चाळिशीचा, हातावर वेल्डिंगच्या डागांचे ठिपके. भानुदास मिस्त्री. हे छप्पर त्याने घातलं होतं. त्याच वर्षी तालुक्यातल्या पाच शाळांवर त्याने असेच पत्रे टाकले होते आणि पाचातलं हे एक उडालं. चौकशी लागली होती. वारा साधाच होता असं आम्ही लिहिलं की काम कच्चं, दोष मिस्त्रीचा, आणि केसही त्याच्यावर. वारा भलताच होता असं लिहिलं की तो सुटला.

तो पुढे आला, पण गयावया केली नाही. म्हणाला, "साहेब, नीट बघा. घाई करू नका."

होकायंत्राचा आकडा मी यापूर्वी कधी दोनदा वाचला नव्हता. त्या दिवशी तीनदा वाचला.

* * *

दुसऱ्या दिवसापासून भानुदास लुनावरून आमच्या जीपमागे. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. शेवटी साहेबांनी त्याला बोलावलं आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. माझ्यापेक्षा सरळ टेप धरायचा तो! शाळेच्या आवारात मात्र साहेबांनी त्याला टेपला हात लावू दिला नाही. त्यानेही मागितली नाही.

एका उसाच्या शेतावर गेलो. ऊस आमचा सगळ्यात खरा साक्षीदार. तो आवरता येत नाही, झाडून ठेवता येत नाही. वारा जिकडे गेला तिकडे तो लोळतो. बांधावर एक म्हातारबा बसले होते. विचारलं, "बाबा, वारा कुठून आला?"

"चुलतभावाच्या रानातनं. आजवर जे जे वाईट आलं ते तिकडनंच आलंय."

बांध ओलांडून चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "ह्याच्या रानातनं."

आता काय करणार? भानुदासने टेप धरली, मी होकायंत्र लावलं. दोन्ही रानांतला ऊस चुलतभावाच्या बाजूला लोळलेला. म्हणजे चुलतभाऊ बरोबर, वारा म्हातारबांच्याच रानातून आलेला. साहेबांनी ते त्यांना समजावून सांगितलं. म्हातारबांनी उसाकडे एक नजर टाकली.

"ऊस बी फितलाय त्याला," म्हणाले.

* * *

त्याच दुपारी अर्ध्यावर वाकलेल्या उसाच्या आत मोजमाप चाललं होतं. आत शिरलं की आभाळ दिसत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली होती. रशीदभाईंनी एकदा हॉर्न दिला तर ढग आलाय. दोनदा दिला तर बाहेर या. लांबलचक दिला तर पळा.

लांबलचक हॉर्न वाजला.

मी पळालो. वही टाकली, एक बूट चिखलात राहिला, उसाच्या पात्यांनी तोंड चिरलं. बाहेर येऊन पाहतो तर डोक्यावर आभाळ निरभ्र. रशीदभाई हॉर्नवर हात दाबून बसलेले आणि जीपसमोर चाळीस शेळ्या.

साहेब मागून सावकाश चालत आले. माझा बूट त्यांच्या हातात होता. म्हणाले, "शेळ्या कुठल्या दिशेने आल्या, लिहून घेतलंस का?"

मी हसलो आणि बूट चढवला. भानुदास हसला नाही. तो उलट्या बाजूला, क्षितिजाकडे बघत होता. तिथे कोपऱ्यात एवढासा ढग होता. त्या दिवसांत तो माणूस जेवताना सुद्धा आभाळाकडे तोंड करून बसायचा. त्याचं बघून मीही तसाच बसायला लागलो.

* * *

कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा एक रोल. साहेबांची ताकीद होती, एकही फोटो वाया घालवायचा नाही.

एका वस्तीवर गोठा भुईसपाट झाला होता. मी कॅमेरा लावला तर घरातली आजी आडवी आली. "थांब," म्हणाली आणि मागे गेली. मला वाटलं, चांगलं लुगडं नेसून येणार. आली ती म्हैस घेऊन. म्हशीला धुतलेलं, शिंगांना तेल लावलेलं.

मी म्हटलं, "आजी, आम्हाला पडलेल्या गोठ्याचा फोटो पाहिजे."

"पडल्याला काय बघायचं? ही आत हुती. हिला खरचटलं बी न्हाई. हिचा काढ."

पुण्यात रोल धुतल्यावर साहेबांनी तो फोटो अहवालाला जोडला. खाली लिहिलं, "गोठ्याच्या जागेवरील म्हैस."

* * *

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटत चालला. गावातल्या दिशा आवरून टाकलेल्या, उसाचे आकडे अपुरे. टोर्नेडो की झोत, वारा किती मोठा, काहीच ठामपणे सांगता येईना. आणि संशयाचा फायदा मिस्त्रीला मिळत नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

गावाच्या पूर्वेला बौद्धवस्ती आहे. तिथे बालवाडी चालवणाऱ्या निर्मलाताईंनी साहेबांना "जय भीम" केला आणि म्हणाल्या, "पत्रे आम्हीपन उचलले. पोरांच्या पायाला लागत्यात. पन त्याआधी चुना मारलाय."

बघतो तर काय, वस्तीभर चुन्याच्या खुणा! जो पत्रा जसा पडला होता त्याच्याभोवती तशी रेघ ओढलेली, आणि आत घरमालकाचं नाव. सात खुणांमध्ये लिहिलं होतं, "शाळा."

साहेबांनी विचारलं, "हे कशासाठी केलं?"

"उचलल्यावर कोनाचा कुठला ते कळनार न्हाई. मग भांडनं. पत्रा उडाला तेवढं पुरे झालं, म्हटलं."

आम्ही त्या खुणा आणि उसाच्या दिशा एका कागदावर उतरवल्या. सगळ्या रेघा एका ठिकाणापासून बाहेर निघत होत्या. टोर्नेडो नव्हता. ढगातून झोत आदळला होता आणि तो जिथे आदळला तिथून शाळा हाकेच्या अंतरावर. तीन दिवस वादळाचं कोडं आम्ही सोडवत होतो आणि या बाईंनी ते चुन्याने अंगणात सोडवून ठेवलं होतं.

निर्मलाताई कागदावरून नजर उचलून म्हणाल्या, "एवढ्यासाठी पुण्याहून जीप आणली?"

* * *

आता शेवटचा. हा मी कँटीनमध्ये सांगत नाही.

चौथ्या दिवशी साहेब शिडी लावून शाळेच्या भिंतीवर चढले. पत्र्याखालच्या लोखंडी सांगाड्यातला एकेक बोल्ट हाताने ओढून पाहिला. सगळे बोल्ट जागच्या जागी, घट्ट. प्रत्येक वायसरखाली, म्हणजे बोल्टाच्या लोखंडी चकतीखाली, पत्र्याचा एक गोल तुकडा अडकून राहिलेला. म्हणजे बोल्ट निसटले नव्हते. पत्राच त्यांच्याभोवती फाटून गेला होता. असं व्हायला वारा भयंकरच लागतो.

साहेब मैदानावर निकाल कधीच सांगत नसत. त्या दिवशी मात्र त्यातला एक तुकडा हातात घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "भानुदास, तुमचं काम पक्कं होतं. दोष वाऱ्याचा. तसं लिहितोय."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. रशीदभाईंनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

भानुदासने वर भिंतीकडे पाहिलं. त्याने विचारलं, "आसं वारं परत येतं का, साहेब?"

"येतं."

"कवा?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. या जूनमध्ये येईल, किंवा वीस वर्षं येणार नाही."

"इथंच येतं?"

"कुठेही."

भानुदासने वायसरखालचा तो पत्र्याचा गोल तुकडा साहेबांच्या हातातून घेतला, बोटाने त्याची कड चाचपली. "वायसर ह्याच्या दुप्पट पाहिजे हुती. आन् बोल्ट जवळ जवळ. हे मला आत्ता कळतंय."

"नियमात बसत होतं तेवढं तुम्ही केलं," साहेब म्हणाले.

"व्हय. म्हनूनच सांगतो. चूक माझी लिहा."

मला वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. साहेब म्हणाले, "केस होईल तुमच्यावर. समजतंय ना?"

"समजतंय. पन चूक मिस्त्रीची लिहिली, तर मी टाकल्याली बाकीची चार छपरं तपासायला मानसं येत्याल. पत्रं उतरवून परत बसवाया लावत्याल. वाऱ्याची लिहिली तर शिडीसुद्धा कोन लावनार न्हाई." त्याने तो तुकडा खिशात टाकला. "आत्ता सकाळची शाळा हाय. जूनपास्नं पोरं दिसभर आत बसत्यात. चारातल्या एका छपराखाली माझी धाकटी हाय, साहेब."