लक्ष्मीच्या पाठीवर सामकी

शनिवार, २८ ऑक्टोबर २००६. नेर.
नळ सकाळी आला, पण पाणी गढूळ. दोन कळशा गाळून ठेवल्या. दिवाळीचा चिवडा मऊ पडला होता, कढईत पुन्हा परतला. मागच्या खोलीतली रंजिता पहिल्या एसटीने तांड्यावर गेली. चहा केला होता, तो तसाच राहिला. आज ऊसतोडीचा ट्रक निघणार. सामकी त्यात बसते की राहते, ते संध्याकाळी कळेल.

पद्मजाबाईंच्या डायरीतली ही रंजिता म्हणजे रंजिता राठोड. मूळची पुसदकडच्या तांड्यावरची, वय पंचविशीच्या आतबाहेर. नेरपासून एसटीने अर्ध्या तासावर असलेल्या दुसऱ्या एका तांड्यावर एक संस्था बालवाडी चालवत असे. तिथे ताई म्हणून ती लागली आणि पद्मजाबाईंच्या मागच्या खोलीत राहायला आली. आवाज खणखणीत, चाल अशी की पायात चप्पल टिकायची नाही. जेवायला बसली की समोरच्यालाही भूक लागावी. नवरा, यज्ञेश्वरराव, गेल्यापासून पद्मजाबाईंच्या घरी ज्वारीचे दळण सरता सरत नसे. रंजिता आल्यावर पिठाचा डबा भराभर तळ दाखवू लागला.

ही रंजिता लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिचे कित्येक हिवाळे गेले. त्यामुळे पहिलीच्या वर्गात ती पुन्हापुन्हा बसली. ज्या वर्षी तिच्या आजोळच्यांनी तिला ठेवून घेतले, त्या वर्षी ती पास झाली. याबद्दल ती रडगाणे गात नसे. "माहा भाऊ आता माह्यापेक्षा हातभर उंच हाय," एवढेच सांगायची, "अन् अजून मलेच विचारते, ताई, जेवू का?"

त्या सप्टेंबरात यवतमाळला बालवाडीताईंचे प्रशिक्षण झाले. मुलांनी आरशात पाहून आपले स्वतःचे चित्र काढायचे, आपल्याला काय चांगले जमते तेही त्यात दाखवायचे, आणि ताईने खाली ते लिहायचे, असे तिथे शिकवले. आधी ताईंनी स्वतःचे चित्र काढून पाहायचे होते. रंजिता कागदासमोर नुसती बसून राहिली. तिला काय चांगले येते हे तिला कोणी विचारलेच नव्हते. शेवटी तिने एक पाठमोरी बाई काढली.

"चेहरा कुठे आहे?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारले.

"चालली ना ती, शाळेत," रंजिता म्हणाली. "थांबली तं दिसन."

कागदाची अडचण पद्मजाबाईंनी सोडवली. यज्ञेश्वरराव दुकानादुकानांतून मिळालेली देवांची कॅलेंडरे कधी टाकू देत नसत. त्यांची भली मोठी गुंडाळी कपाटावर होती. पुढे लक्ष्मी, गणपती, राम. मागची बाजू कोरी. आरसा मात्र रंजिताने आपलाच बालवाडीत नेला, आणि पहिल्याच ओढाताणीत तो फुटला. काचा वेचून होईपर्यंत पोरे भिंतीला चिकटून उभी राहिली.

दारात बालवाडीतल्या सामकीची दादी, बिजलीबाई बसली होती. नातीला सोडायला यायची ती शाळा सुटेपर्यंत तिथेच टेकायची; मांडीवर सामकीचा दोन वर्षांचा भाऊ, बादल. जुना पोशाख रोज घालणाऱ्या म्हाताऱ्या आता तांड्यावर थोड्याच उरल्या होत्या. बिजलीबाईचा घागरा, तिच्या बोलीतला फेटिया, कमरेपासून घोट्यापर्यंत बारीक आरशांनी मढलेला होता.

"काय वं मास्तरीण, एका आरशासाठी तोंड पाडून बसली?" तिने घेर पसरला. "मंग हे काय हाय? या रे पोट्टेहो. पन ओढू नका, माह्या लग्नातला हाय."

पोरे तुटून पडली. आरसा एकेक रुपयाएवढा. एकात डोळा दिसायचा, दुसऱ्यात नाक, तिसऱ्यात नुसते दात.

"ताई, माहं नाक हरपलं!"

"खाली पाह्य, दादीच्या गुडघ्यापाशी असन."

चित्रेही तशीच उतरली. कोणाला एकच डोळा, पण केवढा! कोणाचे सगळे तोंड म्हणजे दात. एका मुलाने एसटी काढली, कारण ती दिसण्याआधी आवाजावरून त्याला ओळखू येते. एकीने स्वतःला झाडावर बसवले आणि आपल्याला चढता येते, उतरता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले. सामकीने आपल्या कडेवर बादलला काढले, शेजारी गोलच गोल घोटले आणि बराच वेळ रंजिताला काहीतरी समजावून सांगत राहिली. तेवढ्यात खिचडीचे पातेले आले. पोरे उठली, ताटल्या वाजल्या. रंजिताने अर्धवट ऐकले आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले: 'मी सामकी. मी भावाला शांत करते.'

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पालकांना बोलावले. चित्रे दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगली होती. सामकीचा बाप फुलचंद त्या वर्षी पहिल्यांदाच उसाला निघणार होता. कापसाचे बोंड हातात येईपर्यंत त्याचे मोल उतरलेले असायचे. तांड्यावरची निम्मी घरे तशीच निघाली होती. रंजिताने महिनाभर त्याच्या घराचा उंबरा झिजवून एवढे कबूल करून घेतले होते, की बादलला त्याची आई बरोबर नेईल, पण सामकी दादीजवळ राहील आणि जूनमध्ये पहिलीत जाईल.

फुलचंदने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "वा! एका बाजूनं लक्ष्मी अन् एका बाजूनं आमची सामकी!" मग शेजारच्या लालसिंगला म्हणाला, "वाच बरं, काय लिवलं हाय."

लालसिंगने वाचले. फुलचंदचा चेहरा फुलला. "पाह्यलं? मॅडमनंच लिहून ठेवलं. आमी दोघं उसात असल्यावर बादलकडं कोन पाहीन, हाच तं मले घोर होता. मिटला घोर. हिले नेतो."

"फुलचंदभाऊ, ते तसं नाही हो..."

"मंग कसं? खोटं लिवलं का?"

 खोटे काहीच नव्हते.

त्या दिवशी रंजिता ते चित्र दोरीवरून उतरवून घरी घेऊन आली आणि ताटावर बसलीच नाही. पद्मजाबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या मागच्या खोलीत गेल्या, तर रंजिता कागद दोन्ही हातांत धरून फाडायच्या बेतात उभी.

"अगं, पलीकडे लक्ष्मी आहे! दिवाळी तोंडावर आली आणि लक्ष्मी फाडतेस?"

रंजिताचे हात जागच्या जागी थांबले. तिने कागद कपाळाला लावला आणि मग मात्र ढसाढसा रडली. "मीच धाडून राह्यली नं काकू तिले. माह्या अक्षरानं. मी याच गुणापायी तीन येळा पहिलीत बसलो, अन् तोच गुण कवतिकानं लिहून ठेवला."

पद्मजाबाईंनी चष्मा लावला. चित्र दिव्याखाली धरले. "हे गोल कसले? पाऊस आहे का?"

"डिझाइन असन काहीतरी."

"डिझाइन नाही वाटत. बाकी सगळं घाईघाईनं काढलंय आणि इथे खडू संपेपर्यंत घोटलंय. विचारलंस तिला?"

रंजिताने डोळे पुसले. "सांगत होती. खिचडी आली."

दुसऱ्या दिवशी तिने सामकीला मांडीवर घेऊन विचारले. सामकीला ताईच्या अडाणीपणाचे आश्चर्य वाटले.

"दादी हाय नं थे!"

"दादी? अन् डोकं?"

"कागद सरला. बादल रडला का मी त्याले दादीच्या मांडीवर टाकतो. एका आरशात माहा डोळा दाखवतो, मंग लपवतो, मंग दुसऱ्या आरशात दाखवतो. तो शोधते. दादी गाते. मंग हासते थो."

"अन् दादी नसली तं?"

"तं रडते." सामकीने क्षणभर विचार केला. "मीबी रडतो."

संध्याकाळी रंजिता चित्र घेऊन फुलचंदच्या घरी गेली. खाली उरलेल्या जागेत तिने आणखी तीन शब्द लिहिले होते: 'दादी आणि मी.' फुलचंद खाटेवर होता, त्याची बायको चुलीशी, बिजलीबाई दाराशी. रंजिताने चित्र म्हातारीपुढे धरले आणि ते गोल म्हणजे काय ते सांगितले.

बिजलीबाईने कागद नाकाजवळ नेला. "मी हाय हे? एवढी मोठी?"

"कागदात मावली नाही."

म्हातारीला ते फारच आवडले. "अन् तू कुठं हायेस रे फुलचंद?"

फुलचंदने वाकून पाहिले. "मी नाही दिसत, याडी," तो आईला म्हणाला.

"मावला नसशीन!"

चुलीपाशी सूनही हसली. हसू ओसरायच्या आत रंजिता बोलली. "फुलचंदभाऊ, ही एकटी त्याले शांत करत नाही. दोघी मिळून करतात. तिथं उसात दादी कुठून आणसान? तिथं रडतीन दोघंबी. मले ठाऊक हाय, मी तिथलीच हाय."

 बिजलीबाईच म्हणाली, "दोघाइले ठेवून घेतलं असतं मी. पन दिवस बुडला का मले दिसत नाही. लेकरू चुलीत गेलं तं?"

"मले दिसते," सामकी म्हणाली.

फुलचंदच्या बायकोची भाकरी तव्यावर करपू लागली होती. "दोघाइले सोडून जाऊ मी?" तिने विचारले. ते कोणाला विचारले होते, कोणालाच कळले नाही.

फुलचंद उठून बाहेर गेला. जाता जाता म्हणाला, "पाहू. ट्रक येवाच्या दिवशी पाहू."

दिवाळीला रंजिता आपल्या तांड्यावर गेली आणि भाऊबीज होताच परतली. ती सामकीपायी लवकर आली हे पद्मजाबाईंनी ओळखले, पण विचारले नाही. आणि मग तो शनिवार उजाडला.

ती एसटीतून उतरली तेव्हा ट्रक तांड्याच्या तोंडाशी उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी वर चढत होती. आणि सगळ्या बोचक्यांच्या वर, दोन्ही पाय लोंबकळत टाकून, सामकी बसली होती. रंजिता तिथेच रस्त्याच्या कडेला थांबली. 

"उतर वं खाली!" बिजलीबाईची आरोळी आली. "दिसलं का वावर?"

"दिसलं, दादी! आपली बकरीबी दिसली!"

सामकी सरसर उतरली. ती फक्त वरून शेत पाहायला चढली होती. तिच्या मागून तिची आई आली, झोपलेला बादल खांद्यावर. तिने त्याला बिजलीबाईच्या मांडीवर, त्या आरशांवर, अलगद ठेवले आणि हात बराच वेळ काढलाच नाही. फुलचंद ट्रकच्या पलीकडे दोर बांधत होता. बांधलेला दोर सोडून तो पुन्हा बांधत होता.

सामकीची आई रंजिताकडे आली. रंजिताला वाटले होते ती काही चांगले बोलेल. ती म्हणाली, "ताई, त्या चित्रात मी बी नाही."

 रंजिताने तिचा हात धरला.

"मी आल्यावर काढाले लावजा तिले."

बिजलीबाईने ऐकले असावे. तिने घागऱ्याच्या काठाचा एक आरसा चाचपला, दातांनी दोरा तोडला आणि सुनेच्या हातात ठेवला. "हे घे. तोंड पाह्यत जा आपलं. नाहीतं येशीन तवा लेकरं वळखाची नाही."

"काय बोलता वो सासूबाई!" सून रडता रडता हसली आणि ट्रकमध्ये चढली.

ट्रकच्या आवाजाने बादल जागा झाला. आई दिसेना म्हणताच त्याने आकाश डोक्यावर घेतले. सामकीने त्याला दादीच्या मांडीवर धरले, एका आरशात डोळा दाखवला, लपवला, दुसऱ्यात दाखवला. दादीने गाणे सुरू केले. बादल आरशाकडे पाहीचना. सामकीने पुन्हा केले, पुन्हा केले. मग तिने वर पाहिले. 

"ताई, आज येत नाही मले."

रंजिता धुळीत तिच्याशेजारी बसली. "मलेबी पहिल्या दिवशी नव्हतं येत," ती म्हणाली. "आन इकडं त्याले. आता आपन तिघी हाओ."

रडून रडून दमल्यावर बादल झोपला. कोणामुळे झोपला, ते सांगता येणार नाही. घागऱ्याच्या काठाशी, आरसा तोडला होता तिथे, त्याची मूठ अडकलेली होती.

रंजिता संध्याकाळच्या गाडीने आली. तिने हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन स्वतःच पाट मांडला. "राह्यली काकू," ती म्हणाली, "दोघंबी राह्यले," आणि जेवायला बसली. पद्मजाबाई भाकऱ्या थापत राहिल्या, ती खात राहिली. आवरून झाल्यावर त्यांनी सकाळच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली.

ज्वारीचे पीठ संपले. उद्या दळण टाकणे.