बुटक्या गाडीची लिफ्ट

मुलीनं हौसेनं आपली स्पोर्ट्स कार आणखी बुटकी करून घेतली होती. दुरुस्तीसाठी जॅक लावून ती गाडीखाली शिरली की मला फक्त तिचे पाय दिसायचे आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. शेवटी गाडी घेऊनच आम्ही सात रस्ता चौकातल्या एका दुकानात, घरच्या घरी गाडी उचलायची लिफ्ट बघायला गेलो. पहिली लिफ्ट जाड होती, गाडीखाली शिरेचना. दुसरी सपाट होती, ती सहज सरकली.

मी दुकानदाराला विचारलं, "गाडी वर असताना लाईट गेली तर?"

त्यानं गाडी उचलली आणि मेन स्विचच बंद केला. "लॉक पडलंय की, काकू. आता खाली येत न्हाय."

गाडी खरंच हलली नाही. "हीच घेऊ," मी मुलीच्या आधी म्हणाले.

आता ती गाडीखाली असताना मी वर निवांत स्वयंपाक करते.