खळग्यातली काजळी

आयडाहोतल्या आमच्या गावात ऑर्फा लिंडक्विस्टला सगळे हसायचे, मीही. उडवलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरायची, तर बुडातली जळकी टिकली काढायची, नवी दाबायची, दारू नि गोळी भरायची, की झालं. पण ही बाई टिकलीचा खळगाही खरवडून लख्ख करणार, एकेका पुंगळीचा.

"पिस्तुलाच्या काडतुसाचे एवढे कसले लाड?" मी चिडवायचो.

"तू दात घासतोस ना? मग गप्प बस."

ऑर्फाला एक्क्याऐंशी वर्षं झाली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. यंदा नेमबाजीच्या क्लबात सुरक्षेचं काम ट्रेंट मॅकाबीकडे आलं आणि पहिल्याच शनिवारच्या सामन्याला त्याने तिचा काडतुसांचा डबा अडवला.

"आजी, तुम्हाला नीट दिसत नाही. घरी भरलेली काडतुसं बंद. दुकानातली आणा."

"दुकानातलीच उडवायची तर मी घरीच बसते," ऑर्फा म्हणाली.

ती बोलते तसंच करते. ती आली नाही, तर शनिवारी मी भांडायचं कुणाशी?

ट्रेंटने कुणाकडून तरी जप्त केलेलं एक काडतूस खिशातून काढून दाखवलं. टिकली केसभर वर राहिलेली. अशी टिकली मागच्या लोखंडाला घासते आणि रिव्हॉल्वरचं चक्र अडतं. ऑर्फाने आपली पन्नास काडतुसं टेबलावर ओतली आणि पाठ फिरवली. "मिसळ ते यात."

मग वळून तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि एकेका बुडावरून बोट फिरवत गेली. एकतिसाव्याला थांबली.

"हे घे तुझं. काजळीवर टिकली बसवली की अशी वर राहते. आता तू घरी भरलेला तुझा डबा आण."

"माझा कशाला?"

"का रे, घाबरलास?"

ट्रेंटच्या डब्यातून तिने तीन काडतुसं बाजूला काढली. त्याने स्वतः बोट फिरवून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना. खरं तर माझ्या डब्यात किती निघाली असती, देव जाणे.

"खळगे साफ करतोस?" तिने विचारलं.

"वेळ कुठे असतो?" तो पुटपुटला. "आता बाकीच्यांवर तरी भरवसा कसा ठेवू? सामन्यात काय उडवू?"

दोघांची रिव्हॉल्वरं अडतीसच्याच मापाची, काडतुसं एकच. ऑर्फाने आपली निम्मी काडतुसं त्याच्याकडे सरकवली.

"ही घे. पुंगळ्या परत आणायच्या. खळगे घासून."