त्याला जोड नाही

बूट-चपला शिवणारे चाचा बोलायला लागले की समोरच्याचं काम बुडालंच समजा. हातात आरी, ओठांत खिळे आणि खिळ्यांच्या फटीतून गप्पा! दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तयार झालेले बूट चाची जुळवायची, नाडीनं एकमेकांना बांधायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "दोन!" म्हणजे जोड झाला, गिऱ्हाइकाला द्या. एकदा एक पाय नसलेला माणूस म्हणाला, "मला एकच द्या, दुसरा काय करू?" चाची म्हणाली, "न्या हो दोन्ही. मागे राहिलेला रडत बसेल आणि झोप मोडेल माझी!"

चाचा तिला चिडवायचे, "बुटाला बूट, मला तू. त्यानं सगळ्यांना जोड दिली. जोड नाही ती फक्त त्यालाच." अल्लाह एक, त्याला ना जोडीदार ना भागीदार, हे रोज नमाजात म्हणायचं ते चाचांनी असं चामड्याच्या भाषेत बसवून घेतलं होतं. "ऐकलं हो," चाची म्हणायची, "आधी ती टाच ठोका."

अशी ही चाची एका सकाळी नाडी बांधता बांधता कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. घरी आल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटला, तो एवढाच: "दोन."

पाणी हवं? "दोन." कुठं दुखतंय? "दोन." पहिल्यांदा सून हसलीसुद्धा. पण श्वास जड झाला तसे चाचा उशाशी बसून कलमा म्हणू लागले. जाता जाता तिच्या ओठांवर तेवढा यावा, दुसरं काही त्यांना नको होतं.

"म्हण गं, अल्लाह एक आहे. एक."

"दोन," चाची म्हणाली.

भेटायला आलेली शेजारीण तोंडावर हात ठेवून पुटपुटली, "तोबा, तोबा! अशा वेळी हे काय भलतंच?" चाचांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बाई हातातला कप तसाच ठेवून निघून गेली.

मौलवीसाहेब आले. म्हणाले, "आजाऱ्यावर जबरदस्ती नको. जीभ अडली तरी मनातलं त्याला कळतं."

"त्याला कळतं हो! मला कुठं कळतंय?" चाचा म्हणाले. "उभा जन्म मीच हिच्याकडून दोन-दोन म्हणवून घेतलं. आता तेच चिकटून बसलं जिभेला. हिच्या वाटेत मीच खिळा ठोकून ठेवला, मौलवीसाहेब."

नमाजात अल्लाह एक असल्याची साक्ष देताना उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वर करतात. जीभ नाही तर बोट तरी, म्हणून चाचा तिच्या उजव्या बाजूला सरकले आणि ते बोट धरून उभं करू लागले. सोडलं की पडायचं, भिजलेल्या चामड्याच्या पट्टीसारखं. पुन्हा उभं करायचं, पुन्हा पडायचं.

"एक गं, एक," म्हणता म्हणता चाचांचा आवाज फाटला. "एवढं ऐक माझं. परत काही मागणार नाही."

"दोन!" चाची घसा ताणून म्हणाली. रागावलीच होती.

भिंतीकडच्या बाजूनं सून चादर सारखी करत होती. ती थबकली. "अब्बा, इकडे या."

"थांब गं तू."

"अब्बा, आधी या बाजूला या म्हणते ना!"

गुडघ्यांवर हात देत चाचा उठले, खाटेला वळसा घालून गेले. चादरीखालून चाचीचा डावा हात बाहेर आला होता. मूठ मिटलेली, आणि अंगठ्याजवळचं बोट ताठ उभं.

"एक?" चाचांनी विचारलं.

"दोन," चाची म्हणाली, आणि बोट आणखी ताणलं.

चाचांनी ते हळूच मुठीत मिटवलं. तिनं उभं केलं. पुन्हा मिटवलं, पुन्हा उभं. मग तिनं असे डोळे वटारले, की चाचांनी हात मागे घेतला.

"बरं, बरं. पाहिलं मी," ते म्हणाले, आणि खाटेची कड धरून मोठ्यानं रडू लागले. सुनेनं खाट भिंतीपासून ओढली, त्यांना बसायला जागा केली.